ब्रँडच्या नावाची कोणती डोमेन घ्यावीत आणि कोणती सोडून द्यावीत

नवं नाव पक्कं झालं की आपण रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन ते टाइप करतो आणि समोर लांबलचक यादी उलगडते. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट को, डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन... प्रत्येकासमोर हिरव्या अक्षरात ‘उपलब्ध’. वर ‘दुसऱ्या कुणी घेण्याआधी नाव सुरक्षित करा’ असा इशारा. इथे एक जण घाबरून पंधरावीस डोमेन कार्टमध्ये टाकतो, तर दुसरा ‘ही सगळी विक्रीची तंत्रं’ म्हणत एकच घेऊन बाहेर पडतो. दोघांनाही पुढे त्रास होताना मी पाहिलं आहे, आणि पहिल्याला जरा जास्तच.

त्याचं कारण साधं आहे. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ते मुदतीवर मिळतं. दर वर्षी पैसे भरावे लागतात, आणि भरायचं राहिलं तर ते नाव कुणीही उचलू शकतो. तोवर त्या नावाशी तुमचे दुवे, तुमचे मेल आणि तुमच्या ग्राहकांची सवय जोडली गेलेली असते. कधीच न घेतलेलं डोमेन दुसऱ्याकडे गेलं तर तो एक कोरा पत्ता असतो. तुम्ही वापरून सोडलेलं डोमेन दुसऱ्याकडे गेलं तर तो तुमचाच जुना पत्ता असतो. म्हणून निवड करताना ‘हे घेऊ का’ या प्रश्नाबरोबर ‘हे दहा वर्षं सांभाळीन का’ हाही प्रश्न विचारायचा.

सगळी घेणं तर शक्यच नाही. १९८५ साली डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट नेट अशी मोजकी एक्स्टेंशन, म्हणजे नावाच्या शेवटचे टिंबानंतरचे भाग, होती. २०१२ मध्ये डोमेन-नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने नव्या एक्स्टेंशनसाठी अर्ज मागवले तेव्हा १,९३० अर्ज आले आणि त्यांतून १,२०० हून अधिक एक्स्टेंशन सुरू झाली. शिवाय देशांची अडीचशेच्या आसपास आहेतच. गूगलने २०१५ मध्ये मूळ कंपनीला ‘अल्फाबेट’ हे नाव दिलं, तेव्हा अल्फाबेट डॉट कॉम बीएमडब्ल्यूच्या वाहन-सेवा कंपनीकडे होतं आणि एबीसी डॉट कॉम डिस्नेच्या वाहिनीकडे. त्यांनी एबीसी डॉट एक्सवायझेड घेतलं आणि कामाला लागले.

आधी नाव फोनवर सांगून बघा

समजा, तुमच्या ब्रँडचं नाव ‘टिकाव’ आहे. तुम्ही बॅगा बनवता आणि स्वतःच्या साइटवरून विकता. हेच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो.

एक्स्टेंशनकडे वळण्याआधी नाव माहीत नसलेल्या पाच जणांना फोन करा. ‘टिकाव डॉट कॉम’ एवढंच सांगा आणि ऐकलं ते रोमन अक्षरांत लिहून पाठवायला सांगा. कुणी ‘के’नंतर एक ‘ए’ लिहील, कुणी दोन. शेवटी कुणी ‘व्ही’ लावेल, कुणी ‘डब्ल्यू’. पाचांतल्या तिघांनी एकच चूक केली, तर ती चूक हेच तुमच्या यादीतलं दुसरं डोमेन. नाव दोन शब्दांचं असेल तर मधे आडवी रेघ असलेलं रूपही तपासा.

चुकीच्या स्पेलिंगचं डॉट कॉम हे अचूक स्पेलिंगच्या डॉट बिझपेक्षा कितीतरी जास्त कामाचं असतं. रजिस्ट्रारची यादी फक्त टिंबाच्या उजवीकडचे पर्याय दाखवते, म्हणून आपलंही लक्ष तिकडेच जातं. ग्राहक मात्र बहुतेक वेळा टिंबाच्या डावीकडे चुकतो.

मग एका कागदावर लिहून काढा: लोक तुमच्या साइटवर पासवर्ड टाकतात का, पैसे भरतात का, तुमच्या पत्त्यावरून बिलं आणि कोटेशन जातात का, पत्ता खोक्यांवर किंवा लेबलांवर छापला आहे का. चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर दोन-तीन डोमेन पुरतात. बिलं जात असतील तर धोका एकदम वाढतो. फसवणूक करणारा तुमच्यासारखी साइट उभी करण्याची तसदी घेतोच असं नाही. तो एक मिळतंजुळतं डोमेन घेतो आणि तुमच्या ग्राहकाला मेल पाठवतो: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे या खात्यात पैसे भरा.’ त्या डोमेनवर साइट नसतेच, त्यामुळे शोधूनही काही सापडत नाही.

नाव आधीच कुणाकडे आहे?

प्रत्येक महत्त्वाच्या एक्स्टेंशनवर त्या नावाची नोंद तपासा. पूर्वी यासाठी हूइज ही नोंदी दाखवणारी सोय होती. देशांची सोडून बाकी सर्वसाधारण एक्स्टेंशनसाठी २०२५ पासून तिची जागा आरडॅपने घेतली आहे. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल, पण नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि रजिस्ट्रार एवढं दिसतं. तेवढ्यावरून खूप कळतं. वीस वर्षांपासून चालू असलेलं डोमेन कुणाच्या तरी कामाचं आहे. तुमच्या ब्रँडची जाहिरात झाल्यावर चार दिवसांत नोंदलेलं डोमेन ही वेगळी गोष्ट.

दुसऱ्याकडे आहे म्हणजे चोरलेलंच आहे, असं समजू नका. निसान डॉट कॉम १९९४ साली उझी निसान यांनी आपल्या संगणक व्यवसायासाठी नोंदवलं. ते त्यांचं आडनाव होतं. मोटारी बनवणाऱ्या निसानने त्यांच्याविरुद्ध अनेक वर्षं खटला लढवला, तरी डोमेन त्यांच्याकडेच राहिलं. तुमच्या नावाचं डॉट कॉम अशाच एखाद्या खऱ्या व्यवसायाकडे असेल, तर साइट बांधण्याआधी, लेबलं छापण्याआधी नाव बदलण्याचा विचार करा. हा सल्ला कुणालाच आवडत नाही. पण तुमच्या ग्राहकाचा प्रत्येक तिसरा मेल दुसऱ्याच कंपनीच्या इनबॉक्समध्ये पडणं हे नाव बदलण्यापेक्षा महाग पडतं.

पहिलं वर्तुळ: डॉट कॉम आणि तुमचा बाजार

डॉट कॉम मिळत असेल तर घ्याच, मग मुख्य साइट दुसऱ्या एक्स्टेंशनवर ठेवायची असली तरीही. लोकांच्या बोटांना ती सवय लागलेली आहे. ओव्हरस्टॉक या अमेरिकी विक्रेत्याने २०११ मध्ये ‘ओ डॉट को’ हे आटोपशीर नाव पुढे आणलं. लोक सवयीने ‘ओ डॉट कॉम’ टाइप करत राहिले. ते एका अक्षराचं डोमेन राखीव असल्यामुळे कंपनीला ते घेताही येत नव्हतं. शेवटी जुन्या नावाकडे परतावं लागलं. दुसरं उदाहरण अमेरिकी अध्यक्षांच्या कार्यालयाचं. त्यांची साइट व्हाइटहाउस डॉट गव्ह, आणि १९९० च्या दशकात व्हाइटहाउस डॉट कॉम टाइप करणाऱ्याला प्रौढांसाठीची साइट दिसायची.

त्यानंतर ज्या देशांत तुम्ही आज खरोखर विकता, त्या देशांची एक्स्टेंशन. ‘पुढेमागे जाऊ’ अशा देशांची आत्ता नकोत. पुढच्या वर्षभरात जायचं पक्कं ठरलेल्या देशाचं मात्र घोषणा करण्याआधी घ्या, घोषणेनंतर नव्हे.

देशाच्या एक्स्टेंशनवर नियम त्या देशाचे चालतात. काही देश कुणालाही देतात. कॅनडा, जपान, नॉर्वे यांसारखे देश तिथला पत्ता, नागरिकत्व किंवा नोंदणीकृत संस्था यांपैकी काहीतरी मागतात. डॉट ईयू युरोपीय संघाशी संबंध असलेल्यांनाच मिळतं. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या हजारो मालकांची डॉट ईयू डोमेन बंद पडली. लोकप्रिय डॉट एआय हे खरं तर अँग्विलाचं आहे, डॉट टीव्ही तुवालूचं, डॉट मी माँटेनेग्रोचं. डॉट आयओ ब्रिटिश हिंदी महासागर क्षेत्राचं. तिथल्या चागोस बेटांबाबत ब्रिटन आणि मॉरिशसमध्ये २०२५ साली करार झाला, तेव्हापासून त्या एक्स्टेंशनचं पुढे काय होणार याची चर्चा चालू आहे. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू तर २०१० मध्ये कायमचं बंद झालं. संरक्षणासाठी अशी डोमेन जरूर घ्या. मुख्य साइट आणि मुख्य मेल मात्र त्यांच्यावर उभे करताना दहा वेळा विचार करा.

दुसरं वर्तुळ: जिथे बोट घसरतं

काही एक्स्टेंशन डॉट कॉमच्या इतकी जवळ आहेत की एक अक्षर सुटलं की माणूस तिकडे पोचतो. डॉट को कोलंबियाचं, डॉट सीएम कॅमेरूनचं, डॉट ओएम ओमानचं. २००६ मध्ये डॉट सीएमवर अशी सोय केली गेली होती, की नोंदणी नसलेलं कोणतंही नाव टाइप केलं तरी जाहिरातींचं पान उघडायचं. जगभरातल्या घाईत टाइप करणाऱ्यांच्या चुकांवर ते पान चाललं.

मेलच्या बाबतीत अशी घसरण कुठवर जाते याचा दाखला २०२३ मध्ये उजेडात आला. अमेरिकी सैन्याचं एक्स्टेंशन डॉट एमआयएल आणि माली देशाचं डॉट एमएल. एक ‘आय’ सुटल्यामुळे वर्षानुवर्षं सैन्याचे लाखो मेल मालीच्या पत्त्यांकडे जात होते. त्यांत प्रवासाचे तपशील होते, वैद्यकीय कागद होते. साइट चुकली तर माणसाला चुकीचं पान दिसतं आणि तो परत फिरतो. मेल चुकला तर पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

टिकावसाठी मी डॉट को नक्की घेईन. डॉट सीएम आणि डॉट ओएमची किंमत आणि अटी बघून ठरवीन. पैशांचे व्यवहार मोठे नसतील तर फक्त नजर ठेवीन. डॉट नेट आणि डॉट ऑर्ग स्वस्त असतात आणि अधिकृत वाटतात. संस्था, शाळा किंवा देणग्या घेणारा उपक्रम असेल तर डॉट ऑर्ग पहिल्याच वर्तुळात धरा.

नवी एक्स्टेंशन निवडायची कशी

इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. माझी कसोटी एकच आहे: टिंबाच्या दोन्ही बाजू मिळून ग्राहकाला खरा वाटेल असा पत्ता होतो का? ‘टिकाव डॉट शॉप’ आणि ‘टिकाव डॉट स्टोअर’ खरे वाटतात, कारण टिकाव बॅगा विकतं. ‘टिकाव डॉट सपोर्ट’ हे तक्रारीच्या घाईत असलेल्या ग्राहकाला नक्की फसवेल. ‘टिकाव डॉट पिझ्झा’वर कुणाचा विश्वास बसणार नाही, मग ते दुसऱ्याने घेतलं तरी बिघडत काही नाही. तुमचं ॲप असेल तर डॉट ॲप घ्या. बहुतेकांचं काम अशा दोन-तीन नावांत भागतं.

पैसे भरण्याआधी नूतनीकरणाची रक्कम शोधून वाचा. पहिल्या वर्षाची किंमत आणि दुसऱ्या वर्षाची किंमत यांत मोठी तफावत असू शकते, आणि ‘प्रीमियम’ ठरवलेल्या नावांना दर वर्षी चढा दर लागू शकतो. दहा वर्षांचा एकूण आकडा काढा. तो बघून कार्ट आपोआप हलकं होतं.

डॉट सक्ससारखी टीकेसाठीचीच एक्स्टेंशन मी कुणालाही घ्यायला सांगत नाही. २०१५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा ट्रेडमार्क मालकांसाठीची किंमत २,५०० डॉलरच्या घरात होती. नाराज ग्राहकाला बोलायला दुसऱ्या शंभर जागा आहेत. तो पैसा तक्रारी सोडवायला वापरा.

नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असेल तर आणखी एक वाट आहे. नव्या एक्स्टेंशनसाठी ट्रेडमार्कच्या नोंदी ठेवणाऱ्या ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउसमध्ये त्याची नोंद केली की नवं एक्स्टेंशन सुरू होताना ‘सनराइज’ काळात तुम्हाला इतरांआधी संधी मिळते. नंतरच्या किमान ९० दिवसांत कुणी तेच नाव घेऊ लागला तर त्याला इशारा जातो, आणि त्याने घेतलंच तर तुम्हाला कळवलं जातं. शेकडो एक्स्टेंशनांवर नाव एकदम अडवून ठेवणाऱ्या सेवाही आहेत. त्यांत डोमेन तुमच्या हाती येत नाही, फक्त दुसऱ्याला मिळत नाही. मोठ्या, ओळखीच्या ब्रँडला हे परवडतं. टिकावएवढ्या व्यवसायाला त्याची गरज नाही.

आणि दुसऱ्या लिपींतली डोमेन? रशियन वगैरे भाषांच्या सिरिलिक लिपीतला ‘ए’ आणि रोमन ‘ए’ डोळ्यांना सारखेच दिसतात. २०१७ मध्ये एका संशोधकाने पूर्ण सिरिलिक अक्षरांत ॲपल डॉट कॉमसारखा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता. पुढे ब्राउझरांनी अशा पत्त्यांवर बंधनं घातली. अशी सगळी रूपं आपण घेऊन संपत नाहीत, त्यामुळे तिथे फक्त पहारा ठेवायचा. ग्राहक ज्या लिपीत वाचतात त्या लिपीत नाव छापत असाल, तर त्या लिपीतलं डोमेन मात्र घ्या.

घेतल्यानंतरचं काम

डोमेन घेऊन नुसतं ठेवलं तर अर्धंच संरक्षण मिळतं. टिकावची आता सात डोमेन झाली: डॉट कॉम, चुकीच्या स्पेलिंगचं डॉट कॉम, बाजाराच्या देशाचं एक, डॉट को, डॉट नेट, डॉट शॉप आणि डॉट सपोर्ट. मुख्य सोडून बाकी सहा ३०१ रिडायरेक्टने, म्हणजे कायमच्या वळणाने, थेट मुख्य साइटवर वळवा, मधे दुसरा थांबा नको. प्रत्येकाला सुरक्षा प्रमाणपत्रही (पत्त्याच्या सुरुवातीच्या ‘https’साठीचं) लागेल. ते नसेल तर सुरक्षित दुव्यावरून येणाऱ्या ग्राहकाला वळण्याऐवजी धोक्याची सूचना दिसेल. डॉट ॲप आणि डॉट देव्हवर तर त्याशिवाय ब्राउझरमध्ये साइट उघडतच नाही.

मग मेल. जी डोमेन मेल पाठवण्यासाठी वापरत नाही, त्यांच्यावर तसं स्पष्ट लिहून ठेवावं लागतं. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींत, एसपीएफ नोंद (या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी) अशी करा की एकाही सर्व्हरला परवानगी नाही, म्हणजे सुरुवातीच्या ‘v=spf1’नंतर फक्त ‘-all’. डीमार्कचं, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या नोंदीचं, धोरण ‘रिजेक्ट’ ठेवा. मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदीत प्राधान्य शून्य आणि पत्त्याच्या जागी नुसतं एक टिंब टाका. हे डोमेन मेल स्वीकारत नाही, असा त्याचा अर्थ होतो. सहा डोमेनसाठी तासाभराचं काम आहे. ते केलं नाही तर तुमच्याच डॉट नेटचं नाव लावून कुणीही बनावट बिल पाठवू शकतो, डोमेन तुमच्या मालकीचं असूनही.

चुकीच्या स्पेलिंगच्या डोमेनला मात्र मी अपवाद करतो. ग्राहकांचे मेल तिकडे येतात असं दिसलं तर ते स्वीकारून मुख्य इनबॉक्सकडे वळवावेत.

नूतनीकरण

एका व्यवसायाचं डोमेन-खातं एका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मेलवर उघडलेलं होतं. तो नोकरी सोडून गेला. नूतनीकरणाच्या सूचना दोन महिने त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडत राहिल्या. कार्डची मुदतही संपलेली होती. जुन्या उत्पादनाच्या खोक्यांवर छापलेलं ते डोमेन सुटलं आणि त्यावर जुगाराची साइट आली. खोकी दुकानांत होती, ग्राहक पत्ता टाइप करत होते. मला फोन आला तेव्हा नव्या मालकाशी भावाची बोलणी करण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. तेव्हापासून कुठलंही काम हाती घेतलं की मी पहिल्यांदा खात्यावर कुणाचा मेल आहे ते विचारतो.

मोठ्या कंपन्यांकडूनही हे घडलं आहे. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टकडून हॉटमेलच्या लॉग-इनसाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरायचे राहिले आणि अनेकांना हॉटमेल उघडेना. बाहेरच्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डाने ते पैसे भरले.

खात्यावर व्यक्तीचा पत्ता नको, दोघा-तिघांना मेल जाईल असा समाईक पत्ता द्या. तोही याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की सूचना पोचणारच नाही. ऑटो-रिन्यू आणि रजिस्ट्रार लॉक (डोमेन परस्पर दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून) चालू ठेवा, दोन टप्प्यांची ओळख लावा. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं; मुख्य डोमेनसाठी तेवढं घ्या. मुदत चुकलीच, तर डॉट कॉमसारख्या एक्स्टेंशनवर रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस देऊ शकतो, आणि काही जण त्याच काळात डोमेन लिलावात काढतात. डोमेन काढून टाकलं की पुढचे ३० दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येतं. त्यानंतरच्या ५ दिवसांत कुणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव मोकळं होतं. चांगलं नाव मोकळं झाल्यावर काही सेकंदांत प्रोग्राम ते उचलतात. देशांच्या एक्स्टेंशनची वेळापत्रकं वेगळी असतात, तेव्हा ती वेगळी लिहून ठेवा.

जे घेतलं नाही, त्यावर नजर

नव्या सुरक्षा प्रमाणपत्रांच्या नोंदी जाहीर असतात. त्यांत तुमचं नाव आलं की कळवणाऱ्या सेवा आहेत, काही फुकटही. बनावट साइटलाही असं प्रमाणपत्र हवंच असतं, त्यामुळे ती बहुतेक वेळा इथे सापडते.

फिशिंग, म्हणजे तुमच्या नावाने बनावट साइट किंवा मेल वापरून फसवणूक, चालू असेल तर आधी रजिस्ट्रार आणि होस्टिंग कंपनीच्या गैरवापर-तक्रार पत्त्यावर पुराव्यासह लिहा. तोच सर्वांत जलद मार्ग. डोमेन स्वतःकडे हवं असेल तर डोमेनच्या वादांसाठी १९९९ पासून चालत आलेली यूडीआरपी प्रक्रिया आहे. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव तुमच्या ट्रेडमार्कशी जुळतं किंवा गोंधळ व्हावा इतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवलं आणि वापरलं. तिन्ही हव्यात. असे वाद ऐकणाऱ्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एक ते पाच डोमेनसाठी, एका परीक्षकाचं शुल्क १,५०० डॉलर आहे. वकिलाचे पैसे वेगळे, आणि भरपाई मिळत नाही. नव्या एक्स्टेंशनसाठी यूआरएस ही स्वस्त आणि जलद प्रक्रिया आहे, पण तिच्यात डोमेन फक्त गोठवलं जातं, तुमच्या नावावर होत नाही. हे आकडे जवळ ठेवले की एखादं संशयास्पद डोमेन आधीच घेऊन टाकायचं की नंतर लढायचं, हे ठरवणं सोपं जातं.

एखादं डोमेन सोडायचं असेल

आधी वर्षभराच्या नोंदी बघा: किती माणसं त्यावरून आली, कुठल्या दुव्यांवरून आली. दुवे तुमच्या हातातले असतील तर बदला. त्या डोमेनवर कधी मेल चालत असेल, तर त्या पत्त्यांनी उघडलेली सगळी खाती शोधून काढा: बँक, जाहिरात, सोशल मीडिया, सॉफ्टवेअरची सदस्यत्वं. नवा मालक त्या डोमेनवर मेलची सोय करतो, ‘पासवर्ड विसरलो’ दाबतो, आणि दुवा त्याच्याकडे येतो. माझ्या यादीत अशी डोमेन सोडण्याच्या रकान्यात कधीच येत नाहीत. त्यांचं वार्षिक शुल्क मी भरत राहतो. ज्यावर कधी मेल नव्हता, वर्षभरात कुणी आलं नाही आणि नाव कुठे छापलेलं नाही, अशा डोमेनचं ऑटो-रिन्यू बंद करायला हरकत नाही.